सोन्यावर हात

हे लिहणारच नव्हतो. टाईप केलं, पुसलं. दुकानातली गोष्ट दुकानातच राहावी, असं वाटे. पण रुपेश म्हणाला, "लिही. फक्त माही चूक गाळू नको." तं लिहून राह्यलो.

बोरगाव मेघेत अण्णाजीचं सोनारकामाचं दुकान आहे. मी तिथं सोन्याच्या तारेची जाळी विणतो. मोबाईलवर पाहू पाहू शिकलो. रुपेश ठशाचं काम करते. काशाच्या ठोकळ्यात फूल उलटं कोरलेलं राहते. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर शिशाचा तुकडा, आन वरून हातोडा. शिसं नरम. ते पत्र्याले फुलाच्या रेघारेघात दाबते.

अण्णाजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालतं, दुकानात आम्ही दोघंच. लीलाबाई रोहण्याहून आल्या. बहिणीनं देलेल्या कानातल्या फुलांपैकी एक हरवलतं. बहीण आता नाई. अंगठी मोडून दुसरं फूल कराचं होतं, पह्यली जोडी आमच्या ज्या ठशावर झालती, त्याच ठशावर.

आमच्याकडे रिवाज आहे, जुनं सोनं देलं की गिऱ्हाईक समोरच बसते. सोनं नजरेआड होऊ द्याचं नाई.

"तू अण्णाजीचा कोण रे?" बाईनं रुपेशले विचारलं.

"त्याईच्याच हाताखाली शिकलो, काकू."

"सोनाराचा नाई?"

"नाई. बौद्ध आहो."

"हं." बाई पाटासकट पुढं सरकल्या. "मले सगळं दिसलं पाह्यजे बरं."

"बसा ना. चष्मा पुसून घ्या पाह्यजे तं," रुपेश हसला.

मले हसू आलं नाई. फूल बिघडलं तं गावोगाव एकच बोल होणार, सोनार नसलेला पोरगा ठशावर बसवला म्हणून. मंग अण्णाजी तरी त्याले किती दिवस धरून ठेवतीन?

अंगठी गाळली, पत्रा ठोकला, ठशावर ठेवला. हातोडा पडला. शिसं उचललं तं पाकळीची शीर न् शीर उठलेली. बाईसुद्धा वाकून पाहू लागल्या.

ठोकून पत्रा कडक होते, तापवून नरम करा लागते. रुपेशनं फूल ब्रशनं घासलं, दिव्याजवळ ठेवलं, फुंकणी तोंडात धरली. तेवढ्यात मले दिसलं. पाकळीच्या बुडाशी करड्या रंगाचा कण. शिसं! तसंच तापवलं तं शिसं सोन्यात उतरते, पत्रा बिस्किटासारखा तुटते.

बाईसमोर सांगू कसं?

"रुपेश, पाणी पेतं का?"

त्यानं मान हलवली.

"चहा?"

डोळे वटारले.

"तुमचं चहापाणी मंग करजा बाप्पा!" बाई म्हणाल्या.

ज्योत फुलाकडे वाकली. मी सरळ फुलावर हात ठेवला.

बाई ताडकन उठल्या. "हात काऊन ठेवला? सोनं बदलवून राह्यला का रे? उचल! ओ, या हो कोणी इकडे!"

बाजूच्या दुकानातला ओमप्रकाश दारात आला. तळहात भाजत होता, तरी मी हात उचलला नाई. रुपेशनं फुंकणी खाली ठेवली.

"धन्या, काहाड हात."

काहाडला. "शिसं," एवढंच बोललो.

त्यानं भिंगातून पाह्यलं. कचरा म्हणून उडवून देता आलं असतं. त्यानं भिंग बाईच्या हातात देलं.

"पाहा काकू. हे शिसं आहे. माही चूक, नीट घासलं नाई. तापवलं असतं तं तुमचं फूल गेलं असतं."

बाईनं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. "मंग आता?"

"तेजाबात टाकतो. शिसं जाते, सोनं राहते."

"माह्या समोर."

"तुमच्याच समोर."

तेजाबातून काहाडलं, धुतलं, पुन्हा भिंगातून पाह्यलं. मंग फुंकणी. फूल लाल झालं, थंड झालं. रुपेशनं चिमट्यानं उचलून उजेडात धरलं. भोक नाई, चीर नाई.

भाजल्या हातानंच मी भोवताल जाळी बसवली. बाईनं दोन्ही फुलं कानात घातली, आरशात मान वळवू वळवू पाह्यलं.

"अण्णाजीनं मले हे सांगितलंच नसतं," म्हणाल्या आन गेल्या. चांगलं म्हणाल्या का वाईट, समजलं नाई.

मले वाटलं, रुपेश आता बरं केलं म्हणीन.

"तू सोन्यावर हात ठेवला," तो म्हणाला.

"तं काय तिच्यासमोर बोंबलू? तिले तेच तं पाह्यजे होतं!"

"बोंबलाचं. चूक दिसली तं दिसू दे. हात ठेवला की चोर दिसतो आपण. आन मी तं सोनाराचाही नाई, पह्यलं बोट माह्याकडेच." तो माह्या तळहातावर मलम लावत राह्यला.

"बरं," मी म्हटलं. "यापुढं तुही चूक दिसली तं समोर कोणीही बसलं राहो, तोंडानं सांगीन. हात नाई ठेवणार."