चढणीवरचं गाऱ्हाणं

पहिला झटका बसला तेव्हा गाडी चढणीच्या मध्यावर होती. गुरुदासने गिअर खाली घेतला. दुसरा झटका. मग इंजिनाने एक ठोका गाळला, पुढचा घेतला, पुन्हा गाळला. कच्च्या पेट्रोलचा वास आत भरला. सायलेन्सरमधून फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि गाडी वळणावर, नेमकी गावच्या राखणदार देवाच्या दगडासमोर, बंद पडली.

"राखणदारान धरल्यान," मागच्या सीटवरून राधाबाई म्हणाल्या.

"काकी, उतरू नकात. ऊन आसा. मी बघतंय वायच."

"तू काय बघतलंस? गेल्या खेपेक बघलंस मरे!"

त्या उतरल्याच. सत्तरी ओलांडलेली बाई. पायांवर सूज, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेला डावा हात पदराखाली. आठवड्यातून दोनदा गुरुदास त्यांना कुडाळला दवाखान्यात नेई आणि परत आणी. त्यांनी दगडावर एक केळं आणि बिडी ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला. गावात देवाला गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषांनी. राधाबाईंचे यजमान हयात होते तोवर देवळात तेच घालत. पण इथे रस्त्यावर बाईमाणसाला अडवायला कोण होतं?

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गुरुदास म्हणाला. नजर घड्याळावर.

"झील माझो पणजेक आसा, तेचो जीव माझ्यापाठी टांगून ठेवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"सून आळणी वाढता. डॉक्टरान सांगल्यान म्हणान वाढता, ता माका समाजता. पण माझ्या जिभेक समाजना नाय. तेचा काय ता तूच बघ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी गुरुदासला हसू दाबावं लागलं.

गाऱ्हाणं लांबत गेलं. रात्री धाप लागते, उशा तीन लागतात, हे त्यात आलं. शेजारणीची म्हैस आली. सगळं सांगून झाल्यावर राधाबाई आत बसल्या. गुरुदासने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

"बघलंस?" राधाबाई म्हणाल्या.

गुरुदासने बघितलं होतं. तेच त्याचं दुखणं होतं. चैत्राचं ऊन तापल्यापासून दर खेपेला हे असंच होत होतं. त्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला. कुडाळच्या मंगेश मिस्त्रीकडे गाडी दोनदा नेऊन उभी केली. तिथे ती शहाण्या पोरासारखी चालायची. "थंड गाडी माका काय सांगतली, काकानू?" मंगेश म्हणायचा. "ताप उतारल्यार पेशंट नेलो तर डॉक्टर तरी काय बघतलो?"

रात्री अंथरुणात पडल्यावरही गुरुदासला ते गाळलेले ठोके ऐकू येत. कधी तो उठून अंगणात जाई आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राही. भाताच्या गिरणीचा टेम्पो चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. गिरणी बंद झाल्यावर त्याने ही जुनी गाडी घेतली, तेव्हा गावात लग्नाला, बाजाराला तिलाच बोलावणं असे. आता घरोघरी मोटारसायकली होत्या. राधाबाईंची खेप तेवढी उरली होती. तीही गेली, तर सकाळी उठून दाढी कशासाठी करायची, हे त्याला माहीत नव्हतं.

मग एके दिवशी गाऱ्हाणं संपलं तरी गाडी सुरू झाली नाही. राधाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून घातलं. शेवटी इंजिन धरलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांच्या मशीनवर दुसऱ्या पेशंटला घेतलं होतं. "आजी, आज उशिरा घेऊ, पण वेळ कमी मिळेल," नर्स म्हणाली. त्या रात्री राधाबाईंना आडवं होता आलं नाही. भिंतीला टेकून बसून त्यांनी पहाट केली.

सकाळीच विनीतचा, त्यांच्या मुलाचा, पणजीहून फोन आला. "गुरुदासदादा, तुझ्यार राग नाय. पण पुन्ना असा झाला तर मी कुडाळसून दुसरी गाडी लावतलंय."

"लाव," गुरुदास म्हणाला. "पण माका एक खेप दी."

त्याने मंगेशला गॅरेजमधून उठवलं आणि गाडीत घालून भर दुपारी चढणीवर आणलं. दोन झटके. गाळलेला ठोका. वास. फटाका. गाडी दगडासमोर थांबली.

मंगेशने बॉनेट उघडलं. प्लगची वायर काढून टोक इंजिनाजवळ धरलं आणि गुरुदासला किल्ली मारायला सांगितलं. ठिणगी पडली ती पिवळट, विझत्या काडीसारखी. मग त्याने बाटलीतल्या पाण्यात फडकं भिजवून ठिणगीला करंट पुरवणाऱ्या कॉइलच्या नळकांड्यावर गुंडाळलं. चर्र झालं. थोड्या वेळाने पुन्हा वायर धरली. या वेळी ठिणगी निळी होती आणि टकटक वाजत होती.

"राखणदार हय रवता, काकानू. ह्या नळकांड्यात," मंगेश म्हणाला. "कॉइल म्हातारी झाली. चढणीर तापली की करंट सोडना नाय. थंड झाली की पुन्ना शाणी. म्हातारीचा गाऱ्हाणां होयसर ती थंड जाता, इतक्याच. आता ती बिडी माका दिया."

गुरुदास हसला नाही. मान हलवून म्हणाला, "नवी घाल."

नवी कॉइल बसली. पुढच्या खेपेला गाडी चढण एका दमात चढली. दगड आला आणि मागे गेला. राधाबाईंनी केळं हातात धरलं होतं. वळण संपल्यावर त्यांनी ते पिशवीत ठेवलं.

"बरी झाली गाडी," त्या म्हणाल्या.

"व्हय काकी. कॉइल गेल्ली."

"बरां झाला."

विनीतने फोन करून आभार मानले. मशीन वेळेवर मिळू लागलं. गुरुदासला मात्र झोप येईना. इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं आणि तो कान लावून बसे तो मागच्या सीटकडे. तिथून काही येत नव्हतं. दवाखान्यात नर्स विचारायची त्यालाच, "आजींना धाप लागते का?" पूर्वी गाऱ्हाण्यातून त्याला ते कळायचं. आता तो विचारी, "काकी, रात्री नीज लागता मां?" त्या म्हणत, "बरी आसंय." सून दिवसभर शाळेत शिकवायला, मुलगा फक्त फोनवर. राधाबाई बोलायच्या कुठे?

त्या दिवशी वळणावर त्याने किल्ली मागे फिरवली. गाडी हळू होत दगडासमोर थांबली.

"काकी, बंद पडली."



"झटके खंय दिल्यान?" राधाबाईंनी विचारलं.

गुरुदासचा हात किल्लीवरच होता.

"आदी दोन झटके देता. मगे ठोको गाळता. मगे पेट्रोलाची घाण येता, मगे फटाको. आज ह्यातला काय एक झाला नाय आणि गाडी पडली? माझ्यो किडन्यो गेल्यो हत रे झिला. कान नाय गेले."

"काकी, माका वाटला, तुमका काय सांगूचा आसात तर…"

"खोट्या कारणान तेच्या दारात उभी रवान मी काय सांगू?" त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग समोर रस्त्याकडे. "चल. मशीन वाट बघता."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन अर्ध्या फेरीतच धरलं. राधाबाईंनी उजव्या हाताने दगडाकडच्या खिडकीची फिरवायची मूठ पकडली आणि काच वर घ्यायला सुरुवात केली. मूठ जड होती. गुरुदासने मदतीला हात मागे नेला, तर त्यांनी मान हलवली. काच पुरती वर बसेपर्यंत तो गाडी पहिल्या गिअरवरच चालवत राहिला.