ताठ गुडघे

आमच्या रिंकवर ज्याला थांबता येत नाही, त्याच्या पायातले स्केट्स निघत नाहीत. लेस सोडली तरी निघत नाहीत, आणि चाकं फिरतच राहतात. कोच रेश्माने हे पहिल्याच दिवशी सांगितलं, पाण्याची बाटली आणायला सांगावी तितक्या सहज.

मी आमच्या सोसायटीच्या रोलर हॉकी संघाचा कर्णधार होणार होतो. त्या लायकीचं दुसरं होतं कोण? स्केट्स बांधले, स्टिक घेतली आणि निघालो.

"काका, गुडघे वाकवा," रेश्मा ओरडली. "मागचा पाय आडवा घासा, म्हणजे थांबाल."

काका! तिच्या वयापेक्षा माझी नोकरी जास्त झाली होती. मी साहेबापुढे वाकलो नाही, देवळातही मान जेमतेम झुकवतो. मी ताठच राहिलो. समोरची भिंत मागे सरकली आणि रिंक तेवढी लांबली.

न थांबलेले तिथे बरेच होते. दुसऱ्या मजल्यावरचे करमरकर गेल्या गणपतीपासून फिरत होते. त्यांचं जेवण फिरता फिरता, दाढीही फिरता फिरता. जवळून जाताना दर वेळी म्हणत, "येतं हो हळूहळू." ज्याला स्वतःला आलं नाही त्याने दुसऱ्याला धीर कशाला द्यावा? त्यांच्या मागे एक बाई घसरत घसरतच मटार सोलत होत्या. असल्या बावळटांत माझी गणती व्हावी, याचा मला भयंकर संताप आला.

संध्याकाळी माझी बायको वैजयंती माझ्या चपला घेऊन फाटकाशी आली.

"अहो, आमटी निवतेय."

"एवढी फेरी झाली की आलोच."

फेरी संपेना. फाटक दर वेळी आणखी उशिरा यायला लागलं. मग मी डोकं चालवलं. पुढे गेलं की रिंक वाढते, तर उलटं गेल्यावर ती आखडणार. हे करमरकरांना सुचणं शक्यच नव्हतं.

"आधी थांबायला शिका," रेश्मा म्हणाली. "उलटं जाताना भिंत दिसत नाही."

मी लक्ष दिलं नाही. टाचा बाहेर, टाचा आत. प्रत्येक वेळी चाकांच्या वाटेने जमिनीवर लिंबाचा आकार उमटायला हवा. माझी लिंबं जरा चिरडलेली निघाली, पण निघाली. पाठीमागे भिंत उरलीच नव्हती. समोर फाटक लहान होत चाललं होतं, आणि आता मला ते सारखं दिसत होतं.

फाटकाशी वैजयंती स्केट्स बांधत होती. हिला साधी सायकल येत नाही. पण ती काखेत माझ्या चपला आणि हातात एक स्टिक घेऊन, गुडघे वाकवून निघाली आणि सरळ माझ्याकडे आली. रोज फरशी पुसणाऱ्या बाईचे गुडघे वाकणारच, त्यात कौतुक कसलं? माझ्यापासून हातभर अंतरावर तिने मागचा पाय आडवा घासला. ती थांबली. तिच्या पायाखालची रिंकही थांबली.

तिने स्टिक पुढे केली. तिचं टोक माझ्या गुडघ्यापर्यंतच येत होतं.

"धरा."

"वर कर जरा."

"एवढीच येते. थोडं वाका."

करमरकर बघत होते. मटारवाल्या बाईंनी सोलणं थांबवलं होतं. मला घरी जायचं होतं. इतकं घरी जावंसं मला आजवर कधीच वाटलं नव्हतं.

"वर कर म्हटलं ना," मी म्हणालो.

माझ्या पायांनी आणखी एक लिंबू काढलं. स्टिक लांब गेली. वैजयंतीने ती थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग खाली ठेवली आणि बसून स्केट्स सोडले. ते लगेच निघाले. माझ्या चपला तिने घराकडे तोंड करून मांडल्या आणि त्यांत स्वतःचे पाय घातले.