डावा कोपरा

"हे नाव कुणी टाकलं?" विजयमालाने विचारलं.

अपेक्षाने फ्रेमवरचं प्लास्टिक नुकतंच सोडवलं होतं. सोफ्याला टेकवलेली ती फ्रेम निम्म्या सोफ्याएवढी रुंद होती. काळ्यानिळ्या पाण्यातून अख्खा देवमासा वर आला होता. पोटावरच्या पांढऱ्या वळ्या दिसत होत्या, दोन्ही पर पसरलेले होते आणि चहूकडे पाणी उसळलं होतं. खाली सोनेरी पट्टीवर लिहिलं होतं, 'झेप. छायाचित्र: पृथ्वीराज'.

सून प्लास्टिकची घडी मोडून पुन्हा घालत बसली.

पृथ्वीराज चहाचा मग घेऊन बाहेर आला. "कशी झालीय प्रिंट? एक नंबर ना?"

"नाव तुझं हाय."

"अगं, एंट्री माझ्या नावाने आहे. क्लबचा मेंबर मी आहे, तू नाहीस. टेक्निकल गोष्ट आहे ती."

"पण काढला कुणी?"

"आई, कॅमेरा माझा, लेन्स माझी, तिकीट माझं. सेटिंगसुद्धा मीच लावून दिलेलं. तू फक्त बटन दाबलंस." तो हसला आणि तिच्या खांद्यावर थोपटून आत गेला. लहान मुलाला थोपटावं तसं.

विजयमालाने खांद्यावरचा पदर झटकून नीट केला.

ती नांदायला आली तेव्हा खराडीत ज्वारी डोलायची. आता अकराव्या मजल्यावरून ज्या काचेच्या इमारती दिसत, त्यांतल्या एकीच्या पार्किंगखाली तिचं रान गेलं होतं. नवरा, गेनबा, जाऊन सहा वर्षं झाली होती. स्वयंपाकाला बाई होती, भांड्यांना बाई होती, आणि एकसष्टाव्या वर्षी विजयमालाच्या हातांना काही काम उरलं नव्हतं. मुलाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना कपाटात पडला. तो तिने मागून घेतला आणि बाल्कनीत बसून नदीवरच्या घारी टिपू लागली. पहिले दोन महिने नुसतं रिकामं आभाळ आलं. मग एखादं शेपूट आलं, मग अर्धा पंख. दिवाळीच्या सुमारास एकदा अख्खी घार आली. ती तिने अपेक्षाला दाखवली. पृथ्वीराजला दाखवायला गेली तेव्हा तो फोनवर होता.

ऑस्ट्रेलियाची सहल त्याच्या फोटोग्राफी क्लबची होती. बारा जण, बारा मोठ्या लेन्स. घरच्यांना सोबत नेता येत होतं, म्हणून आई आणि बायको गेल्या. देवमासे टिपायला समुद्रात निघालेली बोट किनारा दिसेनासा झाला तशी हिंदकळू लागली आणि पृथ्वीराज पांढराफटक पडला. केशरी जाकीट घातलेला तो धिप्पाड माणूस कठड्यावरून वाकून ओकत होता. त्याचा नवा कॅमेरा अपेक्षाने छातीशी धरला होता. विजयमालाने तोंडात लवंग धरली होती आणि जुना कॅमेरा गळ्यात होता.

देवमासा पहिल्यांदा उडाला तेव्हा सगळ्यांनी नुसता आवाज ऐकला. दुसऱ्यांदा उडाला तेव्हा सगळ्यांच्या लेन्स पहिल्या जागेवर लागलेल्या होत्या आणि तो चांगला बैलगाडीच्या लांबीएवढा पुढे निघाला. विजयमाला ते बघत होती. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून तिने वर्षानुवर्षं गोफण फिरवली होती. पाखरू जिथं आहे तिथं नाही, ते जिथं जाणार तिथं दगड सोडायचा असतो. तिने कॅमेरा मोकळ्या पाण्यावर धरला. कुणीतरी म्हणालंही, "मावशी, तिकडे काही नाहीये." ती हलली नाही. पाणी आधी फुगलं, मग फाटलं, आणि ते एवढं मोठं जनावर ढगाखाली उभं राहिलं. तिने बटन दाबलं.

हॉटेलवर गेल्यावर पृथ्वीराजने तो फोटो लॅपटॉपवर पाहिला, मोठा करून परत पाहिला. "आई, हे तू काढलंस?" त्याने विचारलं होतं. त्या वेळी त्याच्या आवाजात नवल होतं. तेवढं तिला पुरलं होतं.

रविवारी संध्याकाळी डेक्कनजवळच्या कलादालनात क्लबच्या स्पर्धेतल्या फोटोंचं प्रदर्शन उघडलं. विजयमाला इरकली नेसून गेली. देवमाशापुढे सगळ्यांत जास्त गर्दी होती आणि पृथ्वीराज मधोमध उभा राहून सांगत होता, "पेशन्स लागतो. सगळे तो आधी उडाला तिथे बघत होते. मी म्हटलं, नाही. पाखरू जिथं आहे तिथं नाही, ते जिथं जाणार तिथं नेम धरायचा. हे आमच्या मातीतलं शहाणपण आहे."

लोक माना डोलावत होते. एका मुलीने ते वाक्य फोनवर लिहून घेतलं.

फोटोवर त्याचं नाव लागलं ते विजयमालाने दात आवळून सोसलं होतं. पण ते वाक्य तिचं होतं. परतीच्या विमानात तिने त्याला सांगितलं होतं, त्याने विचारलं म्हणून. तिच्या डोक्यात तिडीक गेली. गर्दीतून वाट काढत ती पुढे झाली.

"पृथ्वी, ह्याचा डावा कोपरा कुठं गेला?"

"आई, नंतर बोलू."

"नंतर कशाला? ह्या कोपऱ्यात कठडा व्हता, आन् कठड्यावर केशरी जाकिटात तू व्हतास. पाठमोरा. वाकून ओकत व्हतास. तो कोपरा कापलास व्हय?"

दोघेतिघे हसले. म्हातारी गंमत करतेय असं त्यांना वाटलं. पृथ्वीराजही हसला, पण त्याची मान लाल झाली होती.

स्पर्धेचे परीक्षक गोपाळकृष्ण मागेच उभे होते. शनिवार पेठेतले जुने फोटोग्राफर, कायम इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोटोकडे पाहिलं, मग पृथ्वीराजकडे.

"मूळ फाइल असेलच आपल्याकडे. न कापलेली."

"सर, ते हार्ड डिस्क क्रॅश झाली..."

"वा. देवमासा वाचला, बोट तेवढी बुडाली." ते विजयमालाकडे वळले. "आपण कोण?"

"ह्याची आई. फोटो काढणारी."

"तीन दिवसांत मूळ फाइल दाखवा," गोपाळकृष्ण पृथ्वीराजला म्हणाले. "नाहीतर हा फोटो भिंतीवरून उतरेल."

घरी आल्यावर अपेक्षा विजयमालाच्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, मी सगळं पाहिलंय. मी शेजारीच होते. पण मला इथेच राहायचंय."

"मग ऱ्हा," विजयमाला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पृथ्वीराजने जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला, वर पेन. "एक सही कर. विषय संपला."

तिने चष्मा लावला आणि शब्दांखाली बोट फिरवत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "सदर छायाचित्र माझ्या मुलानेच काढले आहे. माझे वय झाले असून... माझी स्मरणशक्ती..." ती थांबली. पुढे वाचलं नाही.

"येडी ठरवतोस मला?"

"आई, फॉरमॅलिटी आहे. कुणी वाचतसुद्धा नाही. क्लबमध्ये माझी काय अवस्था झालीय माहितीय? पोरं ग्रुपवर ओकणाऱ्या माणसाची चित्रं टाकतायत. बिल्डर लोक आहेत त्यात, माझे धंद्यातले लोक आहेत. तुला काय करायचंय त्या फोटोचं? तुला कुठे प्रदर्शनं भरवायचीत?"

"बावीस वर्षांची व्हते मी," विजयमाला म्हणाली. "बाप गेला तवा भावांनी कचेरीत नेलं. म्हणाले, हक्कसोडाची सही कर. केली. साडीचोळी दिली त्यांनी. पुढं रान विकताना तुझ्या बापानं बोट ठिवलं तिथं सही केली. विचारलं न्हाई. पर त्या कागदांत खोटं न्हवतं. मी सोडलं म्हणून लिवलं व्हतं, आन् मी खरंच सोडलं व्हतं. ह्यात तू लिवलंयस की माझं कधी न्हवतंच."

"आई, तू उगाच कुठली गोष्ट कुठे..."

"न्हाई करायची सही." तिने पेन टेबलावर आपटलं. टोपण उडून फ्रीजखाली गेलं. "आन् परत माझ्या खांद्यावर थोपटू नगंस."

पृथ्वीराजने कागद चुरगळला. दुपारी त्याने तिच्या कपाटातून जुना कॅमेरा काढला आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवला. कपाट उघडं बघून तिला कळलं. ती मागायला गेली नाही. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. जेवायला बसला की फोन समोर ठेवून जेवायचा.

फोटो स्पर्धेतून बाद झाला. बक्षीस कुठल्याशा वाघाच्या फोटोला मिळालं. आठवड्याने गोपाळकृष्णांचा घरच्या नंबरावर फोन आला. "फ्रेम न्यायला कुणी आलेलं नाही. भिंतीवरून उतरवली ती माझ्या जिन्यात पडून आहे. जाता-येता लोक ठेचकाळतात. आपण नेता का?"

विजयमाला एकटी गेली, बसने. शनिवार पेठेतल्या अरुंद जिन्यात गोपाळकृष्णांनी फ्रेम स्वतः धरून खाली आणली. सोनेरी पट्टी त्यांनी उचकटून टाकली होती. तिथे गोंदाचा डाग राहिला होता.

"क्लबच्या नियमात आपलं नाव बसत नाही," ते म्हणाले. "मी भांडलो. उपयोग झाला नाही." मग जरा थांबून म्हणाले, "चाळीस वर्षं कॅमेरा धरतोय मी. असा एक मिळाला नाही."

तिने मान हलवली आणि फ्रेम रिक्षात आडवी सारली.

दुपारी घरी आल्यावर तिने आपल्या खोलीत भिंतीवर जागा बघितली, देवघरातल्या डब्यातून खिळे काढले आणि वरवंट्याने ठोकायला घेतले. काँक्रीटची भिंत. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून पलंगाखाली गेला. तिसऱ्याने चुन्याचा नुसता टवका निघाला. ड्रिल मशीन पृथ्वीराजच्या खोलीत होतं. तो घरातच होता, ठोकलेलं सगळं त्याला ऐकू जात होतं. दिवाणखान्यातल्या टीव्हीचा आवाज वाढला.

चौथा खिळा वाकल्यावर तिने वरवंटा खाली ठेवला. फ्रेम जमिनीवरच भिंतीला टेकवून उभी केली. स्वयंपाकघरात जाऊन आपलं ताट वाढून आणलं, खोलीचं दार उघडंच ठेवलं आणि जमिनीवर मांडी घालून ती देवमाशासमोर जेवायला बसली.