बिनदेठाचं वांगं

"ते राहू दे, ते वाकडं आहे. तुझ्यासाठी हे घे." अन्सेल्मोनं बायकोच्या हातातलं वांगं काढून घेतलं आणि टोपलीच्या तळातून दुसरं काढून फळीवर ठेवलं. लांबसडक, सरळ, तुकतुकीत जांभळं. विल्यासिस गावाच्या आसपास वांगी पिकवणारं कुणीही असलं वांगं घरी खात नाही. व्यापाऱ्याचा ट्रक येतो तो सरळ वांग्यांसाठी. वाकडी, खरवडलेली, उन्हानं डागाळलेली तेवढी पिकवणाऱ्याच्या शेगडीवर जातात. पण बायको परत आल्यापासून अन्सेल्मो रोज एखादं चांगलं वांगं ट्रकवाल्याची नजर चुकवून घरी आणत होता, जणू स्वतःच्याच शेतात चोरी करत होता.

"मला वाकडं चालतं रे," लुमिंग म्हणाली.

"तुला चालेल, मला नाही चालायचं. तू तिकडं पंख्याखाली बस. इथं धूर होईल."

लुमिंग पंख्याखाली जाऊन बसली. बसण्याची तिला सवय नव्हती. बावीस वर्षं हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांच्या घरी तिनं स्वयंपाक केला, पोरं वाढवली, म्हाताऱ्यांची आजारपणं काढली, आणि गेल्या महिन्यात ती परत आली. आता कायमची आले, असं विमानतळावर तिनंच सगळ्यांना हसत सांगितलं होतं. पण आठवडाभर तिकडच्या मॅडमचे फोन येत होते. मॅडमची म्हातारी आई नव्या बाईच्या हातचा घास तोंडात घेत नव्हती. आणखी दोन वर्षं ये, म्हणून मॅडम गळ घालत होती. आज दुपारी ती शेवटचं विचारणार होती. लुमिंगनं घरात याचा पत्ता लागू दिला नव्हता. हो म्हणायचं तिच्या मनात पक्कं नव्हतं, पण नाही म्हणायला कारणही सापडत नव्हतं.

घरात तिला काही कमी नव्हतं, आणि हीच तर अडचण होती. तिच्या पैशांनी बांधलेल्या या सिमेंटच्या घरात तिला मिठाचा डबा विचारून घ्यावा लागे. आल्या आल्या तिनं सगळे टोप घासून नव्यानं मांडले, तर दुसऱ्या दिवशी ते मुकाट्यानं आपापल्या जागी परत गेलेले. एकदा पहाटे उठून तिनं भात चढवला, तर अन्सेल्मो डोळे चोळत आला आणि "अगं, कशाला त्रास घेतेस," म्हणत तिच्या हातातलं झाकण घेऊन उभा राहिला. माहेरवाशिणीसारखी बडदास्त चालली होती. पण माहेरवाशीण चार दिवस राहून सासरी जाते, आणि लुमिंगला वाटायला लागलं होतं की आपलं सासर हाँगकाँगलाच आहे की काय.

दारात तीनचाकी थांबली आणि त्यांची लेक जोवी उतरली. तालुक्याला औषधाच्या दुकानात कामाला होती, खोली घेऊन तिथंच राहायची आणि रविवारी प्रार्थना आटोपून घरी जेवायला यायची. तिनं आईचा हात घेऊन कपाळाला लावला. "बऱ्या आहात ना, नानांग?" असं विचारलं आणि आणलेला पाव अदबीनं टेबलावर ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन बापाच्या पाठीत धपाटा घातला.

"तातांग, आज अंडी वातड केलीस तर मी उपाशी जाईन हं."

"जा की. तेवढाच भात वाचेल. तुझं खाणं बघून उंदीर पळून गेले घरातले."

बाहेरच्या खोलीत लुमिंग एकटीच हसली. आपल्याशी पोरगी अशी कधी बोलली नाही, हे तिच्या मनात येऊन गेलं. आपण तरी यायचो कधी? दर दोन वर्षांनी पंधरा दिवस. तेवढ्यात अख्खं डुक्कर भाजायचं, नातेवाईक जेवायचे, भेटवस्तू वाटायच्या, आणि पोरगी नवा फ्रॉक घालून आईशेजारी फोटोला उभी राहायची. या खेपेचेही पहिले रविवार पाहुण्यारावळ्यांतच गेले होते. आज पहिल्यांदाच घरचीच तिघं होती आणि घरचंच जेवण होतं. वांगी भाजून, सोलून, अंड्यात बुडवून तळायची आणि गरम भाताशी खायची. एवढंच.

तिला बसवेना. उठून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

अन्सेल्मो मातीच्या शेगडीवर वांगी भाजत होता. पुठ्ठ्यानं वारा घालत होता आणि बोटांनीच वांगी उलटत होता. साल फुगून काळी पडली, बुडातून रस चुरचुरायला लागला, तशी त्यानं ती टोपात टाकून वर झाकण ठेवलं. लुमिंगला मनात कबूल करावं लागलं, भाजणं झकास होतं. थोड्या वेळानं त्यानं एक वांगं फळीवर घेतलं, साल सोलली, आणि सुरी उचलून देठ कापून टाकला.

"अरे, अरे," लुमिंग पुढं सरसावली. "देठ कापलास?"

"हो."

"देठ कुणी कापतं का? तीच तर त्याची मूठ. मुठीला धरायचं, अंड्यात बुडवायचं, तव्यात सोडायचं. मी फोनवर सांगितलं होतं की तुला, गेले तेव्हा. तीन तीनदा सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," अन्सेल्मो म्हणाला आणि दुसऱ्या वांग्याचा देठ कापला.

महिनाभरात या घरात आपल्याला जास्त कळतं अशी पहिलीच गोष्ट लुमिंगच्या हाती लागली होती. ती तिला सोडवेना. "मग? बिनदेठाचं ते फुटणार नाही तर काय होणार? मॅडमकडं मी करायचे तेव्हा पाहुणे देठासकट ताटलीचे फोटो काढायचे. बावीस वर्षं तू उलटंच करत आलास म्हणायचं. सरक जरा, मी दाखवते."

अन्सेल्मो खरंच सरकला. त्याच्या हातातली सुरी तशीच राहिली आणि कान लाल झाले. चारचौघांत पोराला रागावल्यावर ते जसं उभं राहतं तसा तो उभा राहिला.

"नानांग," जोवी ताटल्या खाली ठेवत म्हणाली, "ते माझ्यामुळं आहे."

"काय तुझ्यामुळं?"

"देठ. तुम्ही गेलात ना, तेव्हा तातांग देठ ठेवूनच करायचा, तुम्ही सांगितलं होतं तसं. मी पहिलाच घास घेतला आणि देठाचा काटा ओठात घुसला. रक्त आलं. मी चार वर्षांची, मला वाटलं नानांग घरात नाही म्हणून वांगं चावायला लागलं. मग मी जेवायचंच सोडलं. वांगंच काय, काहीच खाईना."

"मला सांगितलं नाहीस कधी," लुमिंग नवऱ्याकडं वळून म्हणाली.

"काय सांगायचं? तू तिकडं रडत बसली असतीस," अन्सेल्मो म्हणाला. "तिथून काय करणार होतीस तू?"

"मग यानं एक दिवस मला मांडीवर घेतलं," जोवी सांगत राहिली, "माझ्यासमोर सुरी घेतली, देठ उडवला आणि म्हणाला, घे, दात पाडले त्याचे. आता चाव तू त्याला. मी चावले."

"कडकडून," अन्सेल्मो म्हणाला. "बोटासकट."

"पण देठ नाही म्हटल्यावर ते तव्यात पडायच्या आधीच फुटायचं. कितीतरी महिने आम्ही नुसता अंड्याचा नि वांग्याचा लगदा खाल्ला. शाळेत बाकीच्यांच्या डब्यात देठवालं वांगं असायचं. मी विचारलं, तर हा म्हणतो, आपल्या घराण्याची रीतच तशी आहे, आपण जुने लोक. मी कॉलेजला जाईपर्यंत सगळ्यांना तेच सांगत होते, नानांग. लोक हसायचे."

लुमिंगला मात्र हसू आलं नाही. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "कर. तुझं तू कर. मला बघू दे."

अन्सेल्मोनं केळीच्या पानाचा तुकडा निखाऱ्यावर धरून मऊ केला. त्यावर तेलाचा हात फिरवला. सोललेलं वांगं पानावर निजवलं आणि जेवणाच्या काट्याच्या पाठीनं दाबत दाबत पसरलं, मधून कडेला, अगदी हलक्या हातानं, की धागे सुटे व्हावेत पण तुटू नयेत. वर फेटलेलं अंडं ओतलं. ते वाहून जायला लागलं तसं पानाच्या कडा वर घेऊन त्यानं त्याला आवरलं, मीठ भुरभुरलं, पान उचललं आणि तव्यावर एका झटक्यात पालथं केलं. तेल चुर्रर्र झालं. त्यानं पान सोलून काढलं. खाली वांगं अखंड, पानाच्या शिरा अंड्यावर उमटलेल्या.

लुमिंगनं पाच शेगड्यांच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं, विलायती भांडी हाताळली होती. पण एका लेकरासाठी कुणी एवढासा पदार्थ मुळापासून नव्यानं शोधून काढलेला तिनं पाहिला नव्हता. हा माणूस लग्न झालं तेव्हा चहासुद्धा उतू घालवायचा. तिला नवऱ्याचा अभिमान वाटला, फार वाटला, आणि त्याच्याच जोडीला मत्सरही वाटला. पोरीच्या ओठातला काटा तिनं काढायला हवा होता.

तेवढ्यात तिच्या गाऊनच्या खिशातला फोन वाजायला लागला.

तिनं तो काढला नाही. जोवीनं तिच्याकडं पाहिलं.

"घे," अन्सेल्मो तव्यावरची नजर न हलवता म्हणाला. "त्यांचाच असेल."

"कुणाचा?"

"तिकडचा. आठवडाभर अंगणात जाऊन बोलतेस. मला त्यांची भाषा येत नाही, पण तू पाठ वाकवून बोलायला लागलीस की कळतं मला. बोलावतायत ना?"

लुमिंगनं मान हलवली. फोन वाजून वाजून थांबला.

"तरी मी मनाशी म्हणत होतो," तो म्हणाला, आणि फळीवरच्या सोललेल्या सरळ वांग्याकडं ओठांनीच खूण केली, "हिला इथं काही कमी पडू द्यायचं नाही. काम पडू द्यायचं नाही. कमी पडलं तर जाईल परत."

"अरे येड्या," लुमिंग म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "काम पडू देत नाहीस म्हणून तर निघाले होते मी. तिथं निदान मिठाचा डबा कुठं आहे ते ठाऊक होतं मला."

अन्सेल्मोनं पहिल्यांदा वळून तिच्याकडं पाहिलं. वांगं करपायला लागलं, तसं जोवीनं त्याच्या हातातून उलथनं घेऊन ते उलटलं.

फोन पुन्हा वाजला. लुमिंग तो घेऊन मागच्या दारात गेली. ती काय बोलली ते आतल्या दोघांना कळलं नाही, पण ती बराच वेळ बोलली. म्हातारीला पेज पातळ द्या, आलं किसून नव्हे, ठेचून घाला, असं तिनं सांगितलं. नव्या बाईला म्हणावं, भरवताना उभी राहू नकोस, शेजारी बस, आणि तिनं तोंड फिरवलं तर रागावू नकोस, थोडं थांब. मग ती म्हणाली, "मी येणार नाही, मॅडम." म्हातारीला फोन देता का, असं तिनं विचारलं, पण म्हातारी झोपली होती. ती आता आपल्याला दिसायची नाही, हे लुमिंगला कळत होतं. फोन बंद करून ती दाराच्या चौकटीला धरून थोडी उभी राहिली. मग गाऊनच्या बाहीनं तोंड पुसून आत आली.

फळीवर सोललेली दोन वांगी उरली होती. अन्सेल्मो शेगडीपासून उठला, कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला आणि गुडघे चोळत म्हणाला, "उरलेली तू कर. माझी पाठ धरलीय. मीठ खिडकीत आहे, लाल झाकणाच्या डब्यात. आणि देठ जपून काढ, काटे बारीक असतात."

लुमिंगनं सुरी घेतली. देठ काढला, पान शेकलं, तेल फिरवलं. वांगं पसरताना तिची जीभ दातांत आली होती. अंडं ओतलं, कडा आवरल्या, पान उचललं आणि पालथं केलं. वांग्याचे दोन तुकडे झाले. एक तव्यात पडला, दुसरा अर्धा पानालाच चिकटून राहिला.

"गेलं," ती म्हणाली. तिनं घाईघाईनं उलथन्यानं दोन्ही तुकडे जवळ ढकलले आणि जरा वेळानं उलटले, पण ते जुळेनात. चांगली ताटली घेऊन ती ते मोडलेलं वांगं झाकायला बघत होती, तोच जोवी बाजूनं आली, तव्यातला गरम तुकडा बोटांनीच उचलला, हाश हूश करत उभ्या उभ्या तोंडात टाकला.

"पान जरा तिरकं धर ना, नानांग," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "आणि घाई करतेस तू. तातांग, सांग की हिला."

"माझं कुणी ऐकतं का या घरात," अन्सेल्मो स्टुलावरून म्हणाला.

लुमिंगनं दुसरं वांगं घेतलं आणि पान तिरकं धरलं.