घर पुढे आलं

जावयाने आणलेली गाडी जावयापेक्षा वयाने मोठी होती. आत दोन बाकं होती, ती जोडली की पलंग व्हायचा. एक शेगडी, मांजराला अंघोळ घालता येईल एवढं बेसिन, आणि छताला एक झाकण, जे एकदा उघडलं की बंद व्हायचं नाव घेत नसे. ह्या डब्यात बसून तो आणि नानांची मुलगी जग बघायला निघणार होते. हे सांगताना जावई गाडीच्या बॉनेटवर असा प्रेमाने हात फिरवत होता, की नानांना मुलीची काळजीच वाटली.

"वर्षभर?" नानांनी विचारलं.

"कमीत कमी," मुलगी म्हणाली.

लग्न झाल्यावरही मुलगी चार घरं सोडूनच राहायची. रोज संध्याकाळी यायची, नानांचा चष्मा ओढून काढून पदराने पुसायची आणि कशावरून तरी भांडून जायची. हे भांडण वर्षभर मिळणार नाही, ह्या विचाराने त्यांना कसंतरी झालं. 'जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. पण नानांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि ह्या वयात सुरुवात पोटच्या पोरीपासून करायची त्यांना लाज वाटली. तोंडातून भलतंच निघालं.

"अशी बोडकी गाडी घेऊन जाणार? थांबा, मी रंगवून देतो."

मुलगी गळ्यातच पडली. "डोंगर काढा नाना! वर ढग, आणि पक्षी. रंग पूर्ण झाल्याशिवाय आम्ही हलणारच नाही."

नानांना नेमकं हेच हवं होतं. चित्र पूर्ण झालं की नाही हे रंगवणाराच सांगू शकतो, आणि नाना ते सांगणार नव्हते.

नाना नाटकांचे पडदे रंगवायचे. नाटक मंडळी बंद पडली तेव्हापासून ब्रश माळ्यावर पडून होते, पण हात अजून शाबूत होता. पडदेवाल्याची कामाची एक रीत असते. तो जवळून बघत नाही. पहिल्या रांगेच्या मधोमध एक खुर्ची धरायची, दर दहा मिनिटांनी तिच्यात जाऊन बसायचं, आणि तिथून दिसेल ते खरं मानायचं. नानांनी फाटकापाशी खुर्ची मांडली. गाडी घराच्या भिंतीला समांतर, अगदी लगटून उभी केली. घरात जायचं तर मधल्या फटीतून अंग चोरून जावं लागे. नानांची थोरली बहीण, म्हणजे अक्का, ती तब्येतीने भरलेली. पहिल्याच दिवशी ती फटीत अडकली आणि गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाहेर पडली.

नानांनी डोंगर काढला. झकास उतरला. मग ते खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांचं तोंड कडू झालं. बैठ्या घराच्या विटांमधून एकदम निळा डोंगर उगवला होता. पडद्याच्या कडा शेजारच्या विंगांशी जुळल्या नाहीत, तर प्रेक्षक हसतात. हे नानांच्या गुरूंनी त्यांना कान पिळून शिकवलं होतं. तेव्हा आधी कडा जुळवू, असं म्हणत नानांनी गाडीच्या डाव्या टोकाला चार विटा काढल्या. मागच्या भिंतीच्या विटांना त्या अशा मिळाल्या, की गाडीचं टोकच दिसेना. मग उजव्या टोकाला. पण आता ह्या नव्या विटा आणि डोंगर ह्यांच्यामध्ये कड आली. तीही जुळवायला हवी. नाना जुळवत गेले. जुळवली की नवी कड पुढे सरकायची. एका टोकाकडून ओलीचा डाग आला, दुसऱ्याकडून खिडकी आली, तिच्या गजावर वाळत घातलेलं फडकं आलं. डोंगर रोज थोडा थोडा आकसत गेला. चाकांच्या जागी फुलझाडांच्या कुंड्या आल्या. छताशी कौलं आली.

"नाना, डोंगर कुठे गेला?" मुलीने एकदा विचारलं.

"कडेत गेला."

"आणि पक्षी?"

"ते डोंगराबरोबर."

जावई तर हैराण होता, कारण त्याला स्वतःचीच गाडी सापडत नव्हती. फाटकातून आत आला की तो भिंतीवर टकटक करत जायचा. पत्र्याचा आवाज आला की गाडी, नुसताच हात दुखला की घर.

मग गंमत वाढत गेली. अक्काने बाजारातून येऊन छत्री दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. छत्री पडली. तिने उचलून पुन्हा अडकवली. पुन्हा पडली. "खिळा झिजलाय रे," ती नानांना म्हणाली, "नवा ठोक." नानांनी निमूटपणे आणखी एक खिळा रंगवला. वीज मोजायला येणारा माणूस रंगवलेल्या मीटरवरचा आकडा टिपून गेला आणि पुढच्या खेपेला हात जोडून म्हणाला, "महिनाभरात एक युनिट नाही! असं कुटुंब मी पाहिलं नाही." नाना संकोचाने हसले. आयुष्यात एवढी दाद त्यांना कधी मिळाली नव्हती. नाटक संपलं की टाळ्या नट घेऊन जात, पडद्याकडे कोण बघतं?

आणि मग नगरपालिकेचे मोजणीवाले साहेब आले.

गल्लीतल्या घरांची मोजणी चालली होती. उन्हाने दमलेले साहेब आल्या आल्या अंगणातल्या एकुलत्या एक खुर्चीत बसले, आणि समोर बघून ताडकन उठले.

"घर पुढे आलंय!"

"साहेब, ते चित्र आहे," नाना म्हणाले.

"सगळे असंच काहीतरी सांगतात." साहेबांनी टेप काढली, फाटकापासून भिंतीपर्यंत धरली आणि मान हलवली. "चांगलं सहा फूट पुढे आलंय. रस्त्याची हद्द आहे ही."

"अहो, गाडी आहे. हात लावून बघा. पत्रा आहे."

साहेबांनी टिचकी मारली. "म्हणजे वरून पत्रा ठोकून लपवाछपवीही केलीत! सोमवारी येतो. तोपर्यंत घर मागे घ्या, नाहीतर पाडावं लागेल."

"घर मागे कसं घेणार?" जावई म्हणाला.

"पुढे कसं आणलंत? तसंच."

साहेब गेले. अक्का म्हणाली, "मला वाटलंच होतं. हल्ली दारापर्यंत लवकर पोचते मी."

नानांच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं. गाडीला वरून खाली पांढरा रंग फासला, की ती पुन्हा गाडी दिसेल आणि साहेबांचं तोंड बंद होईल. मग डोंगर नव्याने सुरू. दोन महिने सहज निघतील, आणि नानांनी मनावर घेतलं तर चार. मुलगी थांबेल. तिने शब्दच दिला होता. हातचं सगळ्यात चांगलं काम पुसावं लागेल, पण पोरगी रोज संध्याकाळी येऊन भांडेल. नानांना हा सौदा स्वस्त वाटला.

सोमवारी सकाळी त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा फोडला, रोलर भिजवला आणि गाडीपुढे जाऊन उभे राहिले. पण हात वर जाईना. त्या ओलीच्या डागावर त्यांचे तीन दिवस गेले होते.

मागून आवाज आला. "नाना, ठेवा तो रोलर."

मुलगी खुर्चीत बसली होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्या जागी बसली होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"माझी खिडकी काढलीत तुम्ही. गज वाकलाय तोसुद्धा."

"तू लोंबकळायचीस म्हणून वाकला."

"हे पुसायचं नाही. झालंय हे. पूर्ण झालंय."

"ते मी सांगायचं असतं," नाना घाईघाईने म्हणाले. "अजून एक हात बाकी आहे. कडा जरा..."

"नाना."

गाडीच्या आत जावई सामान बांधत होता, भांड्यांचा आवाज येत होता. म्हणजे ह्यांचं आजच ठरलं होतं. गाडी अशीच राहिली तर पाडतील, पुसली तर हे घर जाईल. मुलीने त्यातून आपली वाट काढली होती, आणि ती वाट फाटकातून बाहेर जात होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "एवढं सगळं करण्यापेक्षा 'जाऊ नका' असं सरळ का नाही म्हणालात?"

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही."

"मग झालं तर."

"पण ऐकायला बरं वाटलं असतं."

नानांनी रोलर डब्यात सोडला. हातांवरचा रंग उगाच शर्टाला पुसला, शर्टाचं वाटोळं केलं, आणि खाली बघत पुटपुटले, "जाऊ नका."

"नीट. मला ऐकू आलं पाहिजे."

तेवढ्यात मोजणीवाले साहेब टेप घेऊन फाटकात हजर झाले. पण नानांना आता कुणाची पर्वा नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवायचा हे त्यांनी पडद्यामागे उभं राहून जन्मभर ऐकलं होतं. त्यांनी छाती भरून घेतली.

"जाऊ नका!"

खिडकीत अक्काच्या हातातला पेला पडला. साहेब दोन पावलं मागे सरकले. "अहो, असं कसं? मीच सांगितलंय जायला."

मुलीने नानांना घट्ट मिठी मारली. दोघंही रडले, आणि त्याची दोघांपैकी कुणालाच लाज वाटली नाही. मग तिने नानांचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ती गाडीत जाऊन बसली.

घर थरथरलं. खोकलं. मागून काळा धूर सोडला, कुंड्या गरागरा फिरल्या, आणि दारं-खिडक्या-कौलांसकट ते अंगणातून निघालं. फाटकाच्या खांबाला जरासं घासलं, मग वळून रस्त्याला लागलं. वाकलेल्या गजाची खिडकी सरकली आणि तिच्यातून एक हात बाहेर येऊन हलत राहिला. नाना तो हात दिसेनासा होईपर्यंत बघत होते.

साहेबांनी शांतपणे टेप धरली. मागच्या भिंतीपर्यंत नेली, आकडा पाहिला आणि समाधानाने गुंडाळली. सांगितल्याबरोबर हललेलं घर त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"बघा," ते नानांना म्हणाले, "मनावर घेतलं की होतं सगळं. आलं की नाही घर जागेवर?"

नाना अजून रस्त्याच्या टोकाकडेच बघत होते.

"नाही हो साहेब," ते म्हणाले. "गेलं."