नोंद कुणाच्या नावावर

“भोक कुणी पाडलं ते कळलं मला. पाडायला सांगितलं कुणी, ते बोला,” मंजुनाथ म्हणाला. बोलत होता कन्नडमध्ये, पण साहेबाचा आवाज चढला की कुठलीही भाषा सारखीच ऐकू येते.

टी. नरसीपूर रोडवरच्या नव्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, सांडपाण्याच्या पाइपासाठी काल एका बीमला आरपार भोक पाडलं गेलं. आतल्या दोन सळ्या कापल्या गेल्या. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण बीम बाहेरून बळकट करेपर्यंत वरचं सगळं काम बंद. नवा प्लंबर टॅब पुढे करून एकच सांगत होता, की मॉडेलमध्ये पाइप बीममधूनच जातो, मी तसंच केलं.

मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरवर आधीच बांधून ठेवलेली अख्खी इमारत. भिंती, बीम, वायरी, पाइप, सगळं त्यात. दोन गोष्टी एकमेकींत घुसल्या की तिथे लाल खूण उमटते. हा पाइप दीड महिन्यापूर्वीच लाल झाला होता. पुढे नोंद होती, ‘प्रश्न सुटला’. नोंद करणाऱ्याचं नाव सुप्रीता. तिला इथे लागून सहा महिने झाले होते आणि अजून ती कायम नव्हती.

साइट ऑफिसच्या भिंतीवर कुणाचं काम काय याचा तक्ता होता. पाइप मॉडेलमध्ये काढायचे सुप्रीताने, आणि लाल झालेला पाइप कुठून न्यायचा ते ठरवायचं साइटवरच्या सर्वांत जुन्या इंजिनियरने, बिंदुमाधवने. तक्त्यात काहीच खोट नव्हती. खोट बिंदुमाधवमध्ये होती. पस्तीस वर्षं त्याने मिस्त्रीला हाक मारून, नाहीतर फोन करून इमारती उभ्या केल्या होत्या. मॉडेलमध्ये शिरायला लागणारं स्वतःचं लॉगिन त्याने घेतलंच नव्हतं. तो सुप्रीताच्या खुर्चीमागे उभा राहून सांगायचा, ती बटणं दाबायची, आणि त्याचे सगळे निर्णय तिच्या नावावर पडायचे.

पाइप लाल झाला त्या दिवशीही असंच झालं होतं.

“पाइप बीमखालून घे म्हणून वेंकटरमणला सांगितलंय मी. बंद कर गं ते लाल.”

“काका, मॉडेलमध्ये पण खाली घेते ना? किती घेऊ?”

“अय्यो, सुम्ने उगाच कशाला वेळ घालवतेस? मिस्त्रीला कळलं की झालं ना, अल्वा?”

वेंकटरमण जुना प्लंबर. त्याला कळलं होतंच. पण पाइपाचं काम निघायच्या आधीच तो गावी घर बांधायला गेला, आणि तोंडी सांगितलेलं त्याच्याबरोबर गेलं.

आता बिंदुमाधव गप्प होता. चार महिन्यांनी निवृत्ती, आणि पुढे दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचा शब्द मंजुनाथने दिला होता. घराजवळ, सरस्वतीपुरममध्ये सकाळी फिरायला येणाऱ्या एकूण एक माणसाला त्याने ते ऐकवून झालं होतं. तो सुप्रीताकडे बघत राहिला. आता ही आपलं नाव घेईल, मग आपण काहीतरी बोलू. पोरगी तक्त्याकडे बघत राहिली आणि तिने नाव घेतलं नाही. त्याला आधी तिचाच राग आला. ती बोलली असती तर नाकारता तरी आलं असतं!

“मॉडेल तुझं, नोंद तुझी,” मंजुनाथ तिला म्हणाला. “उद्यापासून येऊ नकोस.”

“नोंद तिची नाही,” बिंदुमाधव म्हणाला. “मी करायला लावली. तिने पाइप हलवू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हटलं.”

मंजुनाथ त्याच्याकडे वळला. एरवी त्याला ‘तू’ म्हणणारा तो ‘तुम्ही’वर आला, आणि तेच बिंदुमाधवला जास्त लागलं.

“मग पुढच्या दोन वर्षांचं राहू द्या. यापुढे साइटवरचे निर्णय सुप्रीता घेईल. आणि ती नोंद दुरुस्त करा, तुमच्या नावाने.”

“आयतु, करतो,” बिंदुमाधव म्हणाला.

साहेब गेल्यावर सुप्रीताने बिंदुमाधवच्या नावाने नवं लॉगिन उघडून दिलं. तो पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसला.

“मी परत एकदा विचारायला हवं होतं, काका.”

“एकदा विचारलं होतंस की. बस्स होतं तेवढं.”

एका बोटाने अक्षरं शोधत त्याने लिहिलं, ‘पाइप खालून घ्यायचं तोंडी सांगितलं. मॉडेलमध्ये बदल करू दिला नाही.’ खाली नाव टाकलं. डोळ्यांना अंधुक दिसत होतं, चष्मा पुसूनही.

“नाव पूर्ण आलं काय, बघ गं.”

सुप्रीताने वाकून त्याचं नाव आडनावासकट वाचून दाखवलं. त्याने मान हलवली, नोंद पक्की केली आणि उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली.