दुसरा किनारा

प्राध्यापकांनी ‘तुकडा’ या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढलं आणि हात तिथेच राहिला. लेकीने शाळेत असताना वसतिगृहातून पाठवलेल्या पत्रात हाच शब्द होता. त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. लेकीचे केसही आता पिकू लागले होते.

“डोळा लागला का सर?” टेबलापलीकडून मुद्रितशोधक बाईंनी विचारलं. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात बुडालेल्या एका छोट्या भूखंडावरचं प्राध्यापकांचं पुस्तक पुन्हा छापायला घेतलं होतं.

“नाही, नाही. काय म्हणत होतात?”

“हा तुमचा तुकडा. आधी पूर्वेच्या किनाऱ्यापासून तुटला. मग कोट्यवधी वर्षं पश्चिमेच्या किनाऱ्याला धरून राहिला. आणि पुढे म्हणता, तिथूनही ‘सुटला’. सुटला कसा? बांधून ठेवला होता का?”

“समुद्रतळातली पूर्वेची भेग थंडावली, पश्चिमेला नवी उघडली. का, ते... म्हणजे, यावर अजून मतभेद आहेत.”

“हे वाक्य प्रत्येक प्रकरणात आहे सर!” बाई हसल्या. “बिचाऱ्याचं पहिलं घर गेलं, दुसऱ्या घरी आला, तर तिथूनही बाहेर. वाचणाऱ्याला तेवढंच दिसतं.”

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

प्राध्यापक आणि त्यांची बायको वेगळे झाल्यावर मुलगी आधी आईकडे होती, मग त्यांच्याकडे आली. जेवताना तिच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनीच तिला वसतिगृहात ठेवलं. तिथून तिने लिहिलं होतं, ‘बाबा, तुमचं पुस्तक वाचलं. दुसऱ्या किनाऱ्याने तुकड्याला धरून का नाही ठेवलं?’

लेक भूशास्त्रातलं विचारते म्हणून ते हरखले होते. आकृत्या काढून पानंच्या पानं लिहिली. पण कारण पक्कं ठरलेलं नव्हतं, म्हणून पाठवली नाहीत. पुढे उशीर झाल्याची लाज वाटत राहिली. लेक अजून फोन करायची, तब्येत विचारायची. दगडांबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

“बाई, एखादा कोरा कागद आहे?”

त्यांनी लिहिलं, ‘तुकडा सुटला नव्हता. किनाऱ्याने सोडला. धरता आलं असतं.’ सवयीने पेन पुढे सरकलं. ‘यावर’ इतकं लिहून झालं आणि थांबलं. बऱ्याच वेळाने त्यांनी वाक्य पुरं केलं, ‘यावर मतभेद नाहीत.’

“मग ‘सुटला’च्या जागी शब्द कोणता ठेवू सर?”

“पुस्तकात ‘तुटला’ करा.”

लेकीचा पत्ता त्यांना पाठ होता, तो त्यांनी पाकिटावर लिहिला. बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं आणि टोक धरून ते उभे राहिले.

“आजोबा, टाकताय की परत घेताय?” मागून एक अनोळखी बाई म्हणाली.

“टाकतोय,” ते म्हणाले, आणि बोटं सैल केली.